खेळण्याकडून जाणण्याकडे : हातात मावणारा गेमिंग संगणक आणि त्याची शिकवण

दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, म्हणजे ब्रह्मजाल सुत्तात, तथागतांच्या काळी प्रचलित असलेल्या खेळांची एक लांबलचक यादी आली आहे. आठ किंवा दहा घरांच्या ओळींच्या पटावरील खेळ, पट मनातच कल्पून खेळावयाचे खेळ, फासे, विटीदांडूसारखा खेळ, पानांच्या पिपाण्या, खेळण्यातला नांगर, भिरभिरे, लहानगे रथ, धनुष्ये, अक्षरे ओळखण्याचा खेळ अशी ती यादी आहे. हे सारे प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे स्थान होय, म्हणून श्रमणाने त्यापासून दूर राहावे, असा तेथील आशय आहे. ही यादी भिक्खूंच्या शीलाच्या संदर्भात आलेली आहे. गृहस्थांसाठी सांगितलेल्या सिगालोवाद सुत्तात धननाशाची सहा द्वारे सांगितली आहेत आणि त्यांत जुगाराचा समावेश आहे. मुलांनी भिरभिरे फिरवू नये, असे मात्र तेथे म्हटलेले नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीही प्रश्न खेळाच्या साधनाइतकाच मनाच्या सावधपणाचा होता, हे यावरून ध्यानात येते.

आज पालकांच्या मेळाव्यात सर्वांत अधिक ऐकू येणारी तक्रार याच प्रश्नाचे नवे रूप आहे. 'मुलगा सुटीत घरी आला की गेममधून डोके वर काढत नाही,' असे आईवडील सांगतात. त्यांची काळजी खोटी नाही. परंतु 'गेम' या एका शब्दाखाली आपण तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र बांधतो. पैसे लावून खेळणे ही एक, वेळेचे भान हरपून केवळ खेळत राहणे ही दुसरी, आणि खेळ कसा चालतो हे जाणून घेण्यासाठी यंत्राशी व आज्ञावलीशी खटपट करणे ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टींविषयी पुष्कळ बोलले जाते. तिसरी बहुधा अलक्षित राहते. प्रस्तुत लेखाचा विषय ही तिसरी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी उदाहरण घेतले आहे ते हातात धरून खेळता येणाऱ्या गेमिंग संगणकाचे.

हे यंत्र आहे तरी काय?

हातात धरून खेळावयाची यंत्रे नवी नाहीत. निन्टेन्डो कंपनीचा 'गेम बॉय' १९८९ साली बाजारात आला. पण त्या यंत्रात केवळ त्याच्यासाठी बनविलेले खेळच चालत आणि आतील रचनेला हात लावण्याची मुभा मालकाला नसे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने 'स्टीम डेक' नावाचे यंत्र ग्राहकांच्या हाती देण्यास प्रारंभ केला. दिसावयास ते खेळण्याचे यंत्र असले, तरी वास्तविक तो एक पूर्ण संगणक आहे. सात इंचांचा पडदा, दोन्ही बाजूंना खेळाची बटणे, चार गाभ्यांचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि सुमारे पाऊण किलोपेक्षा थोडे कमी वजन, असे त्याचे स्वरूप होते. त्याला कळफलक व मोठा पडदा जोडला की त्यावर पत्र लिहिता येते, हिशेब मांडता येतो आणि प्रोग्रॅमही लिहिता येतो. पुढे २०२३ मध्ये आसुस कंपनीचे 'आरओजी अलाय' आणि लेनोव्हो कंपनीचे 'लीजन गो' ही याच जातीची यंत्रे विंडोज प्रणालीसह आली.

स्टीम डेकची प्रणाली मात्र लिनक्सवर आधारलेली आहे. लिनक्सचा आरंभ १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केला. तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला इतरांस देता येतो, एवढेच नव्हे तर हा अधिकार तिच्या परवान्यातच लिहिलेला आहे. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या पाटी-पुस्तकाच्या दारातूनच परत पाठविले गेले, त्या समाजातील वाचकाला या अधिकाराचे मोल वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

एका चित्राचा हिशेब

पडद्यावर धावणारे पात्र प्रत्यक्षात धावत नसते. संगणक एकामागून एक स्थिर चित्रे काढीत असतो आणि डोळ्याला ती गती वाटते. सेकंदाला ३० चित्रे काढावयाची तर एका चित्रासाठी ३३.३ मिलीसेकंद मिळतात. ६० काढावयाची तर अवघे १६.७. एवढ्या अवधीत संगणकाला पात्राची जागा, प्रकाश, सावली, भिंतीशी झालेली टक्कर हे सर्व मोजून पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवावा लागतो. स्टीम डेकच्या पडद्यावर आडवे १,२८० आणि उभे ८०० असे एकूण १०,२४,००० ठिपके आहेत. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर ते २०,७३,६०० असतात. म्हणजे पडदा लहान ठेवल्यामुळे यंत्राचे काम जवळजवळ निम्म्यावर आले.

आता यात बॅटरीचा प्रश्न येतो. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॉट-तासांची होती. संपूर्ण यंत्र २० वॉट वीज घेत असेल तर ती दोन तास पुरेल आणि १० वॉट घेत असेल तर चार तास. हा भागाकार पाचवीच्या मुलालाही येतो. पण वीस वॉटांचे दहा वॉट कसे करावयाचे, या प्रश्नापासून खरी खटपट सुरू होते. या यंत्रात प्रोसेसरला किती वीज द्यावयाची याची मर्यादा स्वतः ठरविता येते. मर्यादा थोडी खाली आणली तर खेळाचा वेग थोडाच उतरतो आणि बॅटरी मात्र पुष्कळ टिकते. याचे कारण असे की, प्रोसेसरची गती वाढवावयाची तर त्याचा व्होल्टेजही वाढवावा लागतो आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून गतीचा अखेरचा थोडासा अंश सर्वांत महाग पडतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील सूत्र येथे तळहाताला लागणाऱ्या उष्णतेच्या रूपाने कळते.

आणखी एक गंमत पाहावी. पुष्कळ खेळाडू या यंत्रावर सेकंदाला ४० चित्रांची मर्यादा घालतात. ३० आणि ६० यांचा मध्य ४५ असताना ४० का? कारण डोळ्याला जाणवते ते दोन चित्रांमधील अंतर. तीसला हे अंतर ३३.३ मिलीसेकंद, साठला १६.७, आणि चाळीसला २५. ३३.३ व १६.७ यांच्या बरोबर मध्यावर २५ येतो. म्हणजे तिसावरून चाळिसावर आल्याने सफाईचा अर्धा लाभ हाती लागतो आणि विजेचा भार मात्र साठाएवढा पडत नाही. हा मध्यम मार्ग सापडतो तो गणित करून पाहिल्यावर.

दुभाष्याचे काम

बहुसंख्य संगणक-खेळ विंडोज प्रणालीसाठी लिहिलेले असतात. मग ते लिनक्सवर कसे चालतात? येथे 'वाइन' नावाची आज्ञावली उपयोगी पडते. तिचे काम १९९३ पासून जगभरातील स्वयंसेवकांनी चालविले आहे. तिच्या आधारावर व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ साली 'प्रोटॉन' ही जोड-आज्ञावली प्रसिद्ध केली.

खेळ संगणकाशी दोन प्रकारे बोलतो. बेरीज-वजाबाकीसारखी कामे तो थेट प्रोसेसरला सांगतो. ती भाषा दोन्ही प्रणालींत एकच असल्यामुळे तेथे भाषांतराचे कारण नाही. परंतु 'ही फाइल उघड', 'हा आवाज वाजव', 'हे चित्र काढ' अशा विनंत्या तो प्रणालीकडे करतो आणि त्या विंडोजच्या रीतीने लिहिलेल्या असतात. वाइन त्या विनंत्या मध्येच घेते आणि लिनक्सला समजतील अशा करून पुढे पाठविते. न्यायालयात साक्षीदार आपल्या बोलीत बोलतो आणि दुभाषी ते न्यायाधीशांस सांगतो, तसाच हा प्रकार आहे. साक्षीदाराला नवी भाषा शिकावी लागत नाही आणि न्यायाधीशांनाही त्याची बोली शिकावी लागत नाही.

यातील चित्रांविषयीच्या विनंत्यांचे भाषांतर सर्वांत अवघड होते. ते काम 'डीएक्सव्हीके' नावाच्या आज्ञावलीने सुकर केले. तिचा कर्ता फिलिप रेबोले याला 'निअर : ऑटोमाटा' हा एक खेळ लिनक्सवर खेळावयाचा होता आणि तो नीट चालत नव्हता. त्या एका अडचणीतून त्याने हे काम हाती घेतले. पुढे त्याच कामाचा उपयोग हजारो खेळांना झाला आणि व्हॉल्व्ह कंपनीने त्याला आर्थिक पाठबळ दिले. आपली अडचण सोडविताना जो इतरांचीही वाट मोकळी करतो, त्याच्या कष्टाला दानाचे रूप येते.

या व्यवस्थेला मर्यादाही आहेत. अनेक जणांनी एकत्र खेळावयाच्या काही खेळांत लबाडी पकडण्यासाठी प्रणालीच्या अगदी गाभ्यात शिरणारी पहारेकरी आज्ञावली असते. अशांपैकी काही खेळ लिनक्सवर चालत नाहीत. दुभाषी कितीही कुशल असला तरी बंद दाराआडचे बोलणे त्याला सांगता येत नाही.

यंत्र उघडण्याचा अधिकार

स्टीम डेक बाजारात येण्यापूर्वीच, २०२१ च्या ऑक्टोबरात, व्हॉल्व्ह कंपनीने ते उघडून दाखविणारी चित्रफीत प्रसिद्ध केली. जपून करा, नुकसान होऊ शकते, पण यंत्र तुमचे आहे आणि ते उघडण्याचा अधिकारही तुमचा आहे, असा तिचा आशय होता. पुढे बाह्य कवचाची मोजमापे असलेली आरेखनेही खुली करण्यात आली आणि सुटे भाग 'आयफिक्सिट' या संस्थेमार्फत काही देशांत विक्रीस ठेवले गेले. मागील झाकणाचे आठ स्क्रू काढले की पंखा आणि बॅटरी समोर दिसतात.

उघडण्याला शिस्त हवी. यंत्र पूर्ण बंद करावे, चार्जर काढावा, मेमरी कार्ड आधी बाहेर काढावे. कारण ते आत राहिले तर झाकण उचलताना तुटू शकते. लांब व आखूड स्क्रू निरनिराळे ठेवावेत. बॅटरीला टोकदार वस्तू कधीही लावू नये. लिथियमची बॅटरी भोसकली गेली तर पेट घेऊ शकते. लहान मुलांनी हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

आज्ञावलीच्या बाजूने पाहिले तर येथे नवशिक्याला एक मोठे अभय आहे. स्टीम डेकमध्ये प्रणालीचा मुख्य भाग केवळ वाचण्यापुरता खुला ठेवलेला असतो; वापरणाऱ्याच्या हातून तो सहजी बिघडत नाही. मुद्दाम खुला करून बिघडविलाच, तर पेन ड्राइव्हवरून मूळ प्रणाली पुन्हा बसविता येते. चुकण्याची भीती गेली की शिकण्याची गती वाढते, हे प्रत्येक शिक्षक जाणतो.

तरीही खटपटीचे चार नियम प्रथमपासून अंगी बाणवावेत. कोणतीही फाइल बदलण्यापूर्वी तिची नक्कल ठेवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. काय बदलले आणि काय घडले, याची वहीत नोंद करावी. आणि यंत्राने दाखविलेला दोषसंदेश घाईने मिटवून न टाकता नीट वाचावा. ऐकीव गोष्ट स्वतः तपासून मगच स्वीकारावी, हा कालाम सुत्तातील विचार आपण धम्मवर्गात शिकतो. 'अमुक केले की गेम जोरात चालतो' या ऐकीव सल्ल्यालाही तोच लागू करावा.

खेळाडूंमधून निर्माते

खेळाशी खटपट करणाऱ्यांमधून मोठे निर्माते घडल्याची उदाहरणे आहेत. व्हॉल्व्ह कंपनीचा 'हाफ-लाइफ' हा खेळ १९९८ साली आला. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी त्यात फेरफार करून १९९९ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' हा खेळ रचला. पुढील वर्षी कंपनीने तो खेळ स्वतःकडे घेतला आणि त्या दोघांनाही कामावर घेतले. अमेरिकेतील डिजीपेन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून 'नार्बाक्युलर ड्रॉप' नावाचा खेळ केला होता. त्याची कल्पना पाहून त्याच कंपनीने त्यांना बोलावून घेतले आणि २००७ साली 'पोर्टल' हा गाजलेला खेळ निर्माण झाला. आपल्या महाराष्ट्रातही पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने घडविलेला 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० साली जगभर प्रसिद्ध झाला. चित्रकला, संगीत, गणित आणि कथालेखन या चारही अंगांच्या मुलांना या क्षेत्रात काम आहे.

आपल्या मुलांसाठी एक काम तर दारातच उभे आहे. मराठीत खेळ फार थोडे आहेत आणि त्याचे एक कारण लिपीशी निगडित आहे. 'कि' हे अक्षर पाहा. संगणकाच्या स्मृतीत आधी 'क' येतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी. पण पडद्यावर वेलांटी आधी काढावी लागते. 'क्ष' मध्ये तीन खुणा मिळून एकच आकृती होते. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक ठेवण्यासाठी लिहिलेल्या आज्ञावलीला हे साधत नाही आणि जोडाक्षरे विस्कटतात. 'गोडो' हे खेळ बनविण्याचे खुले व विनामूल्य साधन आहे आणि त्याच्या २०२३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून अशा लिप्यांची योग्य मांडणी त्यात करता येते. म्हणजे साधन आहे आणि भाषाही आहे. बसून काम करणारे हात हवे आहेत.

शीलाची मर्यादा

आता पालकांच्या काळजीकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद केली असून ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून अमलात आले आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे, आणि हानी होत असूनही खेळणे चालूच राहणे, ही त्याची तीन लक्षणे आहेत. निदानासाठी सामान्यतः ती वर्षभर दिसावी लागतात. म्हणजे सुटीत चार दिवस अधिक खेळणारे प्रत्येक मूल रोगी ठरत नाही. परंतु झोप, भोजन, अभ्यास आणि मैत्री यांची जागा खेळाने घेतली असेल तर ते हसण्यावारी नेऊ नये, जाणकारांचा सल्ला घ्यावा.

पैसे लावून खेळण्याविषयी तर संदिग्धता उरलेलीच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली आहे. सिगालोवाद सुत्तातील इशारा आणि देशाचा कायदा येथे एकाच बाजूस आहेत.

तिसरी मर्यादा आपणांस अधिक जवळची आहे. चोरीच्या प्रती चालविणे, म्हणजे खेळ विकत न घेता कुलूप तोडून खेळणे, हे खटपटीचे कौशल्य म्हणून मिरविले जाते. न दिलेले घेणार नाही, हे शील आपण रोज वंदनेत ग्रहण करतो. ते संगणकाच्या फाइलींनाही लागू आहे. त्याचप्रमाणे आपल्या एकट्याच्या खेळात फेरफार करणे ही जिज्ञासा होय, पण दहा जणांच्या स्पर्धेत गुपचूप फेरफार करणे ही फसवणूक होय. साधन एकच असले, तरी हेतूने कर्म बदलते.

महागड्या यंत्रावाचून

हे वाचून एखादा विद्यार्थी घरी जाऊन असे यंत्र मागेल, अशी शंका येणे साहजिक आहे. म्हणून स्पष्ट सांगावेसे वाटते की, ते घेण्याची मुळीच आवश्यकता नाही. स्टीम डेक भारतात अधिकृतपणे विकले गेलेले नाही. २०२३ मध्ये येथे आलेल्या आरओजी अलायची किंमत सुमारे सत्तर हजार रुपये होती. मजुरीवर घर चालविणाऱ्या पालकाने एवढी रक्कम खेळाच्या यंत्रावर घालविणे अनुचित होय, आणि मुलाने तसा हट्ट धरणे त्याहून अनुचित.

वर वर्णिलेले जवळजवळ सर्व शिक्षण जुन्या टेबलावरच्या संगणकावर मिळू शकते. लिनक्स विनामूल्य आहे, वाइन विनामूल्य आहे, गोडो विनामूल्य आहे. 'सुपरटक्सकार्ट' हा शर्यतीचा, 'लुआन्टी' हा ठोकळ्यांचे जग रचण्याचा आणि 'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा पटावरच्या लढाईचा खेळ खुल्या परवान्याचे आहेत. ते खेळता येतात, उघडून पाहता येतात, बदलता येतात आणि त्यांतील वाक्यांचे मराठी भाषांतरही करता येते. संगणक जितका जुना, तितका चित्रांचा आणि विजेचा हिशेब अधिक काटेकोरपणे शिकावा लागतो, हा उलट लाभच आहे.

आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज संगणकाच्या क्षेत्रात स्थिरावले आहेत. कार्यालयांतून दर काही वर्षांनी चालू स्थितीतील संगणक बाजूला काढले जातात. रीतसर परवानगीने, आतील माहिती पुसून, असे चार-पाच संगणक वसतिगृहाला मिळाले आणि महिन्यातून एक रविवार एखाद्या दादाने वा ताईने येऊन मुलांसोबत बसावयाचे ठरविले, तर खटपटीचा वर्ग सुरू होण्यास आणखी काही लागणार नाही. वेळ ठरलेली असावी, दार उघडे असावे आणि नोंदवही सक्तीची असावी.

पालकांसाठीही एक सोपी कसोटी आहे, आणि तिच्यासाठी त्यांना संगणक येण्याची गरज नाही. मूल पडद्यासमोरून उठले की त्याला तीन प्रश्न विचारावेत : आज काय बदलून पाहिलेस? त्याने काय झाले? तसे का झाले असेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळू लागली की वेळ वाया गेलेला नाही, असे समजावे. तिसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी ते मूल पुस्तक उघडू लागले, की त्याचा खेळ प्रमादाच्या स्थानातून बाहेर पडला, असे खुशाल मानावे.